‘देन प्ले ऑन’ : नव्या संचातली फ्लीटवूड मॅक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लीटवूड मॅकचं नाव काढलं की बहुतेकांना ‘रूमर्स’ हा अल्बम आठवतो. त्याच बँडचा १९६९ मधला ‘देन प्ले ऑन’ ऐकून बघा असं सुचवलं, की ठरावीक प्रश्न येतात. हा तोच बँड का? माझ्याकडे गाणी कमी का दिसतात? एक माणूस गायब कसा? पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, आवृत्त्यांचा गुंता नंतर. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा ‘रूमर्स’वाला फ्लीटवूड मॅकच ना? मग स्टीव्ही निक्स कुठे आहे?

बँड तोच, माणसं बहुतेक वेगळी. दोन्हीकडे समान असलेले दोघंच: ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेस वाजवणारा जॉन मॅकव्ही. बँडचं नाव या दोघांच्या आडनावांवरूनच पडलं, त्यामुळे बाकी सगळे बदलले तरी पाटी तीच राहिली. गायिका स्टीव्ही निक्स आणि गिटारवादक लिंडसे बकिंगहॅम १९७४ संपता संपता आले आणि ‘रूमर्स’ १९७७ चा. ‘देन प्ले ऑन’च्या वेळी हा लंडनचा ब्लूज बँड होता आणि त्याचा कर्ताधर्ता होता गिटारवादक पीटर ग्रीन.

‘रूमर्स’सारखं काही मिळेल या आशेनं हा अल्बम लावू नका, पहिल्या पाच मिनिटांतच विरस होईल.

२. अल्बमची मूळ माहिती एका दमात सांगाल का?

सप्टेंबर १९६९ मध्ये रेप्रीझ या लेबलवर आला. बँडचा हा तिसरा स्टुडिओ अल्बम. आधीचे दोन म्हणजे फेब्रुवारी १९६८ चा ‘फ्लीटवूड मॅक’ आणि त्याच वर्षीचा ‘मिस्टर वंडरफुल’. ते ब्लू होरायझन या लहानशा ब्लूज लेबलवर निघाले होते आणि निर्माता होता माइक व्हर्नन. या वेळी बाहेरचा निर्माता नव्हता, बँडनं काम स्वतःच्या हातात घेतलं. ध्वनिमुद्रणाला मार्टिन बर्च होता. पुढे डीप पर्पल आणि आयर्न मेडनच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव दिसतं तोच हा. मूळ ब्रिटिश एलपीवर चौदा गाणी आहेत आणि लांबी पन्नास मिनिटांच्या वर, म्हणजे त्या काळच्या एका तबकडीच्या मानानं भरगच्च. ब्रिटनच्या यादीत अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत गेला.

३. ‘नवा संच’ म्हणतात, पण नक्की बदललं काय? चौघं तर तेच आहेत.

चौघं तेच, पाचवा आला आणि त्यानं सगळं गणित बदललं.

मूळ बँड १९६७ चा. पीटर ग्रीन त्याआधी जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये होता, तिथे तो एरिक क्लॅप्टनच्या जागी आला होता. तिथून बाहेर पडून त्यानं मिक फ्लीटवूडला घेतलं, अमेरिकी ब्लूजवाल्या एल्मोर जेम्सच्या स्लाइड गिटारची (तारांवर नळी घसरवत वाजवायची तऱ्हा) हुबेहूब आठवण करून देणारा जेरेमी स्पेन्सर मिळाला आणि १३ ऑगस्ट १९६७ ला विंडसरच्या जॅझ अँड ब्लूज महोत्सवात पहिला कार्यक्रम झाला. त्या दिवशी बेसवर बॉब ब्रनिंग होता. जॉन मॅकव्ही मेयॉलची नोकरी सोडायला कचरत होता, तो काही आठवड्यांनी आला.

अडचण अशी होती की बँडमध्ये गायक-गिटारवादक दोन असूनही ते एकत्र वाजवत नसत. स्पेन्सरच्या गाण्यांवर ग्रीन साथ करी, पण ग्रीनच्या गाण्यांवर स्पेन्सर बहुतेक वेळा हात बांधून उभा. ग्रीनला सवाल-जवाब करणारा जोडीदार हवा होता. ऑगस्ट १९६८ मध्ये अठरा वर्षांचा डॅनी कर्वन आला आणि ती जागा भरली. त्या पाच जणांनी एलपी म्हणून बांधलेला पहिला स्टुडिओ अल्बम म्हणजे ‘देन प्ले ऑन’. नव्या मुलाला किती जागा मिळाली ते प्रश्न ६ मध्ये पाहा. मला तरी या अल्बमची खरी गोष्ट तीच वाटते.

४. डॅनी कर्वन कोण? त्याचं नाव कुणी घेताना दिसत नाही.

दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनचा पोरगा, जन्म १३ मे १९५०. बॉयलरहाउस नावाचा तिघांचा बँड चालवत होता आणि फ्लीटवूड मॅकच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत असायचा. ग्रीनला त्याचं वाजवणं आवडलं. आधी त्यानं कर्वनसाठी चांगले साथीदार शोधून पाहिले, मनासारखे मिळेनात, तेव्हा त्याला आपल्यातच घेतलं.

कर्वनचा कंप ऐकला की ओळखू येतो. बोट तारेवर स्थिर राहतच नाही, प्रत्येक लांब सूर थरथरत जातो. दुसरी गोष्ट त्याच्या कानावरची. बाकीचे शिकागोच्या तबकड्या घासत असताना हा गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि तिसाव्या दशकातलं जॅझ ऐकत असे. ‘ॲल्बॅट्रॉस’ या सिंगलच्या मागच्या बाजूचं ‘जिगसॉ पझल ब्लूज’ ऐका, जुन्या व्हायोलिन-गिटार जोडीचा बाज थेट सापडेल.

त्याची पुढची वाट खडतर होती. १९७२ च्या दौऱ्यात कार्यक्रमाआधी त्यानं स्वतःची गिटार फोडली, मंचावर जायला नकार दिला आणि त्याला काढून टाकण्यात आलं. नंतरची बरीच वर्षं विपन्नावस्थेत गेली. ८ जून २०१८ ला तो वारला. ग्रीनबद्दल ढिगानं लिहिलं गेलं आणि कर्वनच्या वाट्याला चार ओळी आल्या, हा अन्याय आहे.

५. जेरेमी स्पेन्सर बँडमध्ये असूनही अल्बमवर का नाही?

तो बँड सोडून गेला नव्हता. त्याला या गाण्यांत करण्यासारखं काही नव्हतं, एवढंच. एल्मोर जेम्सची स्लाइड, पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल आणि दुसऱ्यांच्या नकला हा त्याचा प्रांत. ग्रीन आणि कर्वन जे रचत होते ते त्या प्रांताबाहेरचं.

मूळ बेत असा होता की त्याच्या विडंबनांची एक वेगळी ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी) अल्बमसोबत द्यायची. तो बारगळला. ती गंमत १९९८ मध्ये निघालेल्या ‘द वॉडव्हिल इयर्स’ या संग्रहात ऐकायला मिळते. शिवाय जानेवारी १९७० मध्ये त्याचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला, त्यावर साथीला हेच सगळे सोबती आहेत. कार्यक्रमांत मात्र तो पूर्ण रंगात असे (प्रश्न १९).

६. कोणतं गाणं कुणाचं?

ब्रिटिश एलपीच्या क्रमानं सांगतो. पहिली बाजू: ‘कमिंग युवर वे’ (कर्वन), ‘क्लोजिंग माय आइज’ (ग्रीन), ‘फायटिंग फॉर मॅज’ (फ्लीटवूड), ‘व्हेन यू से’ (कर्वन), ‘शो-बिझ ब्लूज’ (ग्रीन), ‘अंडरवे’ (ग्रीन), ‘वन सनी डे’ (कर्वन). दुसरी बाजू: ‘ऑलदो द सन इज शायनिंग’ (कर्वन), ‘रॅटलस्नेक शेक’ (ग्रीन), ‘विदाउट यू’ (कर्वन), ‘सर्चिंग फॉर मॅज’ (मॅकव्ही), ‘माय ड्रीम’ (कर्वन), ‘लाइक क्राइंग’ (कर्वन), ‘बिफोर द बिगिनिंग’ (ग्रीन).

मोजून पाहा: कर्वनची सात, ग्रीनची पाच, उरलेली एकेक फ्लीटवूड आणि मॅकव्हीच्या नावावर. बँडचा म्होरक्या ग्रीन, पोस्टरवर मोठं नाव ग्रीनचं, आणि त्यानं वर्षभरापूर्वी आलेल्या पोराला अर्धा अल्बम देऊन टाकला. अल्बमची सुरुवातही कर्वनच्या गाण्यानं होते. त्या काळात गिटारवाले स्वतःच्या नावाचे बँड काढत सुटले होते, त्यांच्यात हे अजबच. ‘मॅज’ची दोन, ‘अंडरवे’ आणि ‘माय ड्रीम’ ही चार गाणी निव्वळ वादनाची आहेत.

७. मग याला ब्लूज अल्बम म्हणायचं का? मला तर निम्म्या गाण्यांत ब्लूज सापडला नाही.

सापडणार नाही, कारण निम्म्या गाण्यांत तो ठरलेल्या साच्यात नाहीच.

साचा म्हणजे काय ते आधी बघू. बारा बारांचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) एक आवर्तन, त्यात तीन ठरलेल्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर). पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसरीत तिचा निकाल लावायचा आणि मधल्या जागा गिटारनं भरायच्या. ‘मिस्टर वंडरफुल’ लावलात तर हा साचा जवळजवळ प्रत्येक गाण्यात दिसेल. त्यात एल्मोर जेम्सची ती एकच स्लाइडची फेक इतक्या वेळा येते की दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत माणूस कंटाळतो. प्रामाणिक तालीम आहे, पण तालीमच.

‘देन प्ले ऑन’मध्ये साचा मोडतो तो जागोजागी, वेगवेगळ्या तऱ्हेनं. ‘कमिंग युवर वे’मध्ये गाण्याचा कणा गिटार नाही, ड्रमचे टॉम (खालच्या आवाजात घुमणारे ढोल) आहेत. फ्लीटवूड झांजांना फारसा हात न लावता खालच्या अंगानं घुमवत राहतो आणि दोन गिटारी त्यावर चढत जातात. त्यालाच लागून ‘क्लोजिंग माय आइज’ येतं आणि सगळं थांबतं. आवाज आणि गिटार, ताल जवळपास नाहीच. ‘शो-बिझ ब्लूज’ उलट दिशेला, शहरी ब्लूजच्याही मागे, खेड्यातल्या स्लाइडकडे जातं. त्यात ग्रीन ऐकणाऱ्यांनाच विचारतो की तुम्हाला माझं खरंच काही पडलंय का. ‘व्हेन यू से’ आणि ‘ऑलदो द सन इज शायनिंग’ ही कर्वनची हळवी, जुन्या वळणाची गाणी. ब्लूजच्या कट्टर चाहत्यांना तेव्हा ती पचली नसतील तर नवल नाही.

तरी ‘लाइक क्राइंग’ ऐका. दोन गिटारी, एक आवाज, मधे काही नाही. ‘बिफोर द बिगिनिंग’ ऐका. ग्रीन एक सूर लावतो, सोडतो आणि पुढचा लावण्याआधी जी जागा ठेवतो, तिथे ब्लूज आहे. बाराचा हिशोब सुटला, बोलण्याची तऱ्हा तीच राहिली. म्हणून मी याला ब्लूज अल्बमच म्हणतो. ‘रॉक’च्या कप्प्यात ठेवणाऱ्यांशी भांडायला मात्र जाणार नाही.

८. ‘ॲल्बॅट्रॉस’ आणि ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ यावर आहेत का?

नाहीत, कोणत्याच आवृत्तीत नाहीत. ही एकेरी तबकड्यांची (सिंगल) गाणी. त्या काळी ब्रिटनमध्ये सिंगल वेगळं आणि एलपी वेगळी अशी बरीच रीत होती. ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ १९६८ चं, ग्रीनचंच. ते सँटानानं १९७० मध्ये वाजवल्यावर जगाला कळलं आणि अनेकांना अजूनही ते त्याचंच वाटतं. ‘ॲल्बॅट्रॉस’ नोव्हेंबर १९६८ मध्ये आलं आणि १९६९ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात दुसरी गिटार कर्वनची आहे, म्हणजे नव्या संचाची चुणूक लोकांना अल्बमच्या आधीच मिळाली होती.

दोन्ही एका जागी हवी असतील तर ऑगस्ट १९६९ चा ‘द पायस बर्ड ऑफ गुड ओमेन’ हा संग्रह घ्या. एप्रिल १९६९ चं ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ इमीजिएट या तिसऱ्याच लेबलवर निघालं, त्यामुळे ते यातही नाही आणि त्यातही नाही.

९. ‘ओह वेल’ या अल्बमवर आहे की नाही? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

दोघंही बरोबर आहेत, हातात कोणती आवृत्ती आहे त्यावर ठरतं. मूळ ब्रिटिश एलपीवर नाही. ते त्याच सुमारास सिंगल म्हणून निघालं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. गाणं गाजल्यावर अमेरिकेत अल्बमची यादी बदलून ते आत घालण्यात आलं. पूर्ण हिशोब प्रश्न १० मध्ये आहे.

गाण्याबद्दल थोडं इथेच सांगतो. पहिल्या भागात एकटी गिटार एक वळणदार तुकडा वाजवते, मग सगळे तुटून पडतात, मग सगळे गप्प आणि ग्रीन साथीशिवाय दोन-चार ओळी म्हणतो. वाद्यं वाजत असताना गाणं नाही, गाताना वाद्यं नाहीत. दुसरा भाग पूर्ण वेगळा: स्पॅनिश ढंगाची गिटार, चेलो, बासरीच्या कुळातलं रेकॉर्डर. या भागातला पियानो स्पेन्सरचा.

१०. माझ्याकडच्या प्रतीत बारा गाणी आहेत, मित्राच्या अकरा, ऑनलाइन अठरा दिसतात. खरा अल्बम कोणता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सावकाश वाचा.

ब्रिटिश एलपी, सप्टेंबर १९६९: चौदा गाणी, प्रश्न ६ मधली यादी.

अमेरिकेतली पहिली आवृत्ती: बारा. ‘वन सनी डे’ आणि ‘विदाउट यू’ वगळली. कारण अगदी व्यावहारिक. अमेरिकेत त्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘इंग्लिश रोझ’ नावाचा संग्रह निघाला होता (मुखपृष्ठावर बाईच्या वेषातला मिक फ्लीटवूड आहे तो) आणि ही दोन गाणी त्यात येऊन गेली होती.

अमेरिकेतली दुसरी आवृत्ती: अकरा. ‘ओह वेल’ घालायचं ठरलं. ते दोन्ही भाग मिळून नऊ मिनिटांचं, म्हणून जागा करायला ‘व्हेन यू से’ आणि ‘माय ड्रीम’ काढली. गाण्यांचा क्रमही हलला. बळी गेली ती चारही गाणी कर्वनची, हे लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये अर्धा अल्बम ज्याचा होता, तो अमेरिकन श्रोत्याला तीन गाण्यांचा धनी दिसला. त्याचं नाव मागे का पडलं, याचं एक उत्तर इथे असावं असं मला वाटतं.

१९९० ची सीडी: दोन्ही अमेरिकन आवृत्त्यांची बेरीज. म्हणजे ‘ओह वेल’ आहे, पण ‘वन सनी डे’ आणि ‘विदाउट यू’ नाहीत.

२०१३ ची नवी प्रत: ब्रिटिश क्रमातली चौदा आणि शेवटी चार जादा, ‘ओह वेल’चे दोन भाग, ‘द ग्रीन मॅनलिशी’ आणि ‘वर्ल्ड इन हार्मनी’. एकूण अठरा. २०२० मध्ये बीएमजीनं काढलेली प्रतही याच धर्तीची.

११. मग मी कोणती ऐकू?

अठरावाली लावा आणि चौदा गाण्यांनंतर थांबा. ‘बिफोर द बिगिनिंग’ हे शेवटचं गाणं म्हणून ठेवलंय, ते संपल्या संपल्या ‘ओह वेल’ अंगावर आलं की सगळा परिणाम जातो. जादा गाणी दुसऱ्या दिवशी ऐका. जुनी एलपी विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी पाठीमागची यादी वाचा: ‘वन सनी डे’ असेल तर ब्रिटिश क्रम, ‘ओह वेल’ असेल तर अमेरिकेची दुसरी आवृत्ती, दोन्ही नसतील तर पहिली.

१२. ‘ओह वेल’मध्ये एक तुकडा दोनदा वाजतो. माझी फाइल खराब आहे का?

नाही. सिंगलच्या पहिल्या बाजूला पहिला भाग संपल्यावर दुसऱ्या भागाची साधारण मिनिटभराची सुरुवात वाजून विरत असे. तबकडी उलटली की दुसरा भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू. तबकडी उलटायला लागत होती तोवर हे खटकत नव्हतं. दोन्ही बाजू एकापुढे एक जोडल्या तेव्हा तो मिनिटभर दोनदा आला.

१३. ही ‘मॅज’ कोण? आणि ‘सर्चिंग फॉर मॅज’मध्ये मधेच ऑर्केस्ट्रा कुठून आला?

मॅज हे बँडच्या एका चाहतीचं नाव. गाण्यांत शब्द नसल्यामुळे तिची गोष्ट वगैरे काही नाही. दोन्ही तुकडे स्टुडिओत तासन् तास वाजवलेल्या जॅममधून (सगळ्यांनी मिळून उत्स्फूर्त वाजवणं) कापून काढलेले आहेत. मूळ लांब जॅम ‘द वॉडव्हिल इयर्स’वर ऐकता येतात. ‘अंडरवे’ही अशाच लांब वादनातून कापलेलं. ‘सर्चिंग’मध्ये मधेच हसणं-बोलणं आणि ऑर्केस्ट्राचा तुकडा घुसडलाय. निर्माता डोक्यावर नसला की पोरं असं करतात. मला त्यातलं पहिलं अर्धं आवडतं, जोडकाम नाही.

१४. ‘देन प्ले ऑन’ हे नाव आणि मुखपृष्ठावरचा घोडेस्वार, यांचा संबंध काय?

एकमेकांशी काही नाही. नाव शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या पहिल्याच वाक्यावरून घेतलंय. संगीत जर प्रेमाचं अन्न असेल तर वाजवत राहा, असं ड्यूक म्हणतो ते. चित्र मॅक्सवेल आर्मफील्ड या इंग्रज चित्रकाराचं. लंडनच्या एका हवेलीतल्या भोजनगृहाच्या भिंतीसाठी ते केलं होतं. पांढऱ्या घोड्यावरच्या त्या उघड्या माणसाचा बँडमधल्या कुणाशीही संबंध नाही.

१५. ‘रॅटलस्नेक शेक’ घरी सगळ्यांसमोर लावलं तर चालेल का?

इंग्रजी शब्दांकडे लक्ष देणारं कुणी घरात नसेल तर खुशाल. गाणं हस्तमैथुनावर आहे आणि त्यात मिकचं नाव घेऊन त्याची टिंगल केली आहे. मिक फ्लीटवूडनं ती वर्षानुवर्षं हसत सोसली. अमेरिकेत हेच सिंगल म्हणून काढलं आणि ते चाललं नाही.

१६. ग्रीनची गिटार नाकातून बोलल्यासारखी का वाजते?

त्याच्या १९५९ च्या गिब्सन लेस पॉलमध्ये मानेकडच्या पिकअपचं (तारांचा कंप पकडणारा भाग) चुंबक उलटं बसलेलं होतं. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की त्यांचे काही सूर एकमेकांना खोडतात आणि पोकळ, पातळ आवाज येतो. मात्र प्रत्येक गाण्यात हेच ऐकू येतंय असं समजू नका. एक पिकअप चालू असताना ती इतर लेस पॉलसारखीच वाजते, आणि ग्रीनच्या आवाजातला मोठा भाग बोटांचा आहे. ही गिटार त्यानं गॅरी मूरला विकली, हात बदलत ती आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे.

१७. पीटर ग्रीन नंतर आजारी झाला. त्याच्या खुणा या अल्बममध्ये ऐकू येतात का?

ऐकायच्या ठरवल्या तर कशातही ऐकू येतात, म्हणून जपून.

घटनाक्रम असा. १९६९ मध्ये तो धर्माकडे ओढला गेला होता, अंगरखे घालू लागला होता आणि बँडनं मिळकत दान करावी असं म्हणत होता. मार्च १९७० मध्ये म्युनिकजवळच्या एका कम्यूनमध्ये त्यानं एलएसडी घेतलं, त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही असं सोबती सांगत आले. मे १९७० मध्ये त्यानं बँड सोडला, त्याच महिन्यात ‘द ग्रीन मॅनलिशी’ आलं. पैशाच्या राक्षसाचं ते गाणं. स्किझोफ्रेनियाचं निदान आणि रुग्णालयं सत्तरच्या दशकातली. नव्वदच्या दशकात तो स्प्लिंटर ग्रुप घेऊन परतला आणि २५ जुलै २०२० ला वारला.

म्हणजे ‘देन प्ले ऑन’ वाजवणारा ग्रीन बावीस वर्षांचा, हातात यश असलेला आणि त्याबद्दल साशंक झालेला माणूस होता. ‘शो-बिझ ब्लूज’मधला प्रश्न (प्रश्न ७) हा त्या शंकेचा आहे. त्याला आजाराचं लक्षण म्हणणं मला पटत नाही.

१८. हाच संच शिकागोलाही गेला होता ना? तो अल्बम आधीचा की नंतरचा?

रेकॉर्डिंग आधीचं, प्रकाशन नंतरचं. जानेवारी १९६९ मध्ये पाचही जण शिकागोला चेस या ब्लूज लेबलच्या स्टुडिओत गेले. विली डिक्सन, ओटिस स्पॅन, शेकी हॉर्टन, हनीबॉय एडवर्ड्स आणि बडी गाय अशा ब्लूजवाल्यांसोबत वाजवलं. ते ‘ब्लूज जॅम ॲट चेस’ नावानं १९६९ च्या डिसेंबरात निघालं. त्यामुळे दुकानात तो ‘देन प्ले ऑन’नंतर आला आणि ऐकताना बँड मागे गेल्यासारखा वाटला. यातला बडी गाय मुंबईकरांच्या ओळखीचा. २०११ च्या पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत तो वाजवून गेला.

‘रूमर्स’मधल्या क्रिस्टीन मॅकव्हीबद्दलही याच ओघात विचारतात. १९६९ मध्ये ती बँडची सदस्य नव्हती. जॉन मॅकव्हीशी लग्न झालं होतं, पण क्रिस्टीन परफेक्ट या नावानं ती चिकन शॅक या बँडमध्ये आणि नंतर एकटी गात होती. तिनं कर्वनचं ‘व्हेन यू से’ स्वतः गायलं, ते तिच्या १९७० च्या अल्बमवर आहे. बँडमध्ये ती १९७० च्या ऑगस्टात आली. ‘किल्न हाउस’ला नव्या संचाचा पहिला अल्बम म्हणतात तो त्यापुढचा बदल: ग्रीन गेल्यानंतरचा पहिला. त्याचं मुखपृष्ठ क्रिस्टीननं काढलंय.

१९. या पाच जणांचं लाइव्ह काही मिळतं का?

मिळतं, आणि न चुकता ऐका. फेब्रुवारी १९७० मध्ये बोस्टनच्या बोस्टन टी पार्टी या क्लबमध्ये तीन रात्री ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा लाइव्ह अल्बम निघणार होता, पण ग्रीन गेला आणि सगळं कपाटात राहिलं. पुढे तुकड्या-तुकड्यांनी निघत नव्वदच्या दशकाअखेरीस तीन भागांत आलं.

अल्बमवर साडेतीन मिनिटांच्या आसपास असलेलं ‘रॅटलस्नेक शेक’ तिथे वीस मिनिटं ओलांडून जातं. ग्रीन आणि कर्वन एकमेकांना वाट देत, अडवत वाजवतात आणि कोण कधी पुढे आला ते कळेनासं होतं. स्पेन्सरचा हिस्सा वेगळा येतो, त्यात तो जुनं रॉक अँड रोल धुमाकूळ घालत गातो. एकच भाग घेणार असाल तर ज्यावर ‘रॅटलस्नेक शेक’ आहे तो घ्या. डाव्या-उजव्या कानात दोन गिटारी वेगळ्या पडतात, त्यामुळे हेडफोन लावलात तर बरं.